लहरींची चूल

जबलपूर शहराची ओळख लोखंडाशी जितकी आहे तितकीच मातीशीही आहे. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा सरकारी कारखाना उभा राहिला. पण त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, बर्न कंपनीने येथील मातीपासून नळ आणि कौले भाजण्याचा कारखाना घातला होता. शहरातील मराठी स्वयंपाकघरांतही हीच दोन कुळे नांदतात. एका फळीवर पितळेची व स्टीलची पातेली, तर दुसरीवर चिनी मातीच्या बरण्या. लाकडाची चूल, कोळशाची शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह, गॅस असे अग्नीचे अवतार बदलत गेले. परंतु धातू परका आहे असे त्यांपैकी कोणीच म्हटले नाही. १९९१ नंतरच्या काळात मध्यमवर्गीय घरांत शिरलेल्या मायक्रोवेव्ह ओव्हनने मात्र हा भेद केला. तिला माती चालते, काच चालते. धातूशी तिचे जमत नाही. तिच्याविषयी वाटणारे भय आणि तिच्यापासून असलेला खरा धोका ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तिच्या इतिहासावरून चांगले कळते.

ह्या जातीच्या आखूड विद्युत्-लहरींचा एक अगदी आरंभीचा जाहीर प्रयोग आपल्याच देशात झाला. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बसूंनी अशा लहरी मधल्या भिंतींतून पलीकडे धाडून घंटा वाजवली आणि दारू पेटवून दाखवली. वीट आणि चुना ह्यांना त्या अडल्या नाहीत. पुढच्या साऱ्या कथेचे बीज ह्या एका गोष्टीत आहे.

त्यानंतर युद्ध आले. १९४० च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट ह्या दोघांनी मॅग्नेट्रॉन ही नलिका सिद्ध केली. सुमारे दहा सेंटिमीटर लांबीच्या लहरी तीतून विलक्षण जोराने बाहेर पडत, आणि त्यामुळे रडारला नवी दृष्टी मिळाली. त्याच वर्षी ही नलिका अमेरिकेत गेली. तेथील रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर ह्या तंत्रज्ञाने तिचे उत्पादन अनेक पटींनी वाढवले. हा गृहस्थ शाळेची पुरती पायरीही न चढलेला होता, हे सांगितले पाहिजे. १९४५ साली चालू नलिकेजवळ उभे असताना खिशातला गोड पदार्थ वितळल्याचे त्याच्या ध्यानात आले. मग त्याने मक्याचे दाणे आणून फोडले. आणि कवचासह ठेवलेले अंडे एका सहकाऱ्याच्या तोंडावर फुटले, अशीही कथा सांगतात. १९४७ मध्ये विक्रीस आलेली पहिली भट्टी माणसाच्या उंचीची होती आणि तिचे वजन सुमारे ३४० किलो होते. ओट्यावर मावणारी भट्टी १९६७ साली आली.

आणि तेथूनच भयाचा काळ सुरू झाला. रंगीत दूरदर्शन संचांतून क्षकिरण निसटतात असे १९६७ साली आढळल्यावर अमेरिकेत मोठी खळबळ उडाली होती. १९६८ मध्ये तेथे किरणोत्सर्जन नियंत्रणाचा कायदा झाला, आणि १९७१ च्या ऑक्टोबरपासून घडणाऱ्या भट्ट्यांना कडक नियम लागू झाले. विकण्यापूर्वी दर चौरस सेंटिमीटरला एक मिलिवॉट, आणि पुढे तिच्या साऱ्या आयुष्यात पाच मिलिवॉट, याहून अधिक गळती पाच सेंटिमीटरवर मोजली जाता कामा नये. शिवाय दार उघडताच लहरी बंद व्हाव्यात म्हणून दोन स्वतंत्र कळी असाव्यात, असेही ठरले. तरीही १९७३ साली एका प्रतिष्ठित ग्राहक संस्थेने कोणत्याच भट्टीची शिफारस करण्यास नकार दिला. संशय असा चिवट असतो. वास्तविक ह्या लहरी क्षकिरणांच्या जातीच्या नव्हेत. त्या अणू फोडीत नाहीत आणि अन्नात शिल्लकही राहत नाहीत. दारावरच्या जाळीची भोके मिलिमीटरभर आणि लहर बारा सेंटिमीटरची. प्रकाश त्यातून येतो, लहर आतच अडते. मात्र दार वाकले, बिजागरी सैल झाली किंवा कड तुटली, तर हा सारा हिशेब बिघडतो. म्हणून अशी भट्टी वापरू नये हा नियम क्षुल्लक नाही.

धातू का चालत नाही हेही ह्यावरूनच उमगते. जी जाळी लहरीला अडवते तिच्याच गुणधर्माचे स्टीलचे पातेले अन्नापर्यंत लहर पोचू देत नाही. आणि चमच्याच्या टोकावर किंवा कपाच्या सोनेरी कडेवर ठिणगी उडते. आत काहीच न ठेवता भट्टी चालवली तर शोषून घेणारे कोणी नसल्यामुळे लहरी परतून मॅग्नेट्रॉनलाच जाळतात.

घरात प्रत्यक्ष इजा होते ती लहरींनी नव्हे, तर तापलेल्या पाण्याने. गुळगुळीत कपात पाणी उकळीच्या अंशापुढे तापूनही शांत दिसते. त्यात साखर अथवा चहाची पूड पडताच ते उसळून हातावर आणि तोंडावर येते. आधीच लाकडी चमचा घालावा आणि तापवल्यावर क्षणभर थांबावे. तान्ह्या मुलाची बाटली तर ह्या भट्टीत तापवूच नये. अन्न सर्वत्र सारखे तापत नाही, म्हणूनच तबकडी फिरती ठेवावी लागते. बाटली हाताला कोमट लागते आणि मधले दूध मुलाची जीभ पोळते. घट्ट झाकलेला डबा किंवा अखंड अंडे वाफेच्या दाबाने फुटते; स्पेन्सरच्या कारखान्यातील ते अंडे आजही तसेच फुटेल.

राहिली वीज. जबलपूर हे राज्याच्या वीज मंडळाचे मुख्यालय होते. तरी जुन्या घरांतील तिसऱ्या पिनेला अर्थिंग पोचलेलेच असते असे नाही, ते वायरमनकडून तपासून घ्यावे. भट्टीच्या आतील धारित्रात हजारो व्होल्टचा दाब असतो, आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहतो. मागचे आवरण उघडून पाहण्याची हौस रेडिओच्या पेटीवर अनेक घरांत भागली असेल. येथे ते काम माहितगार कारागिराचे आहे.