साचा, माहिती आणि '<' हे चिन्ह

परीक्षा झाली की प्रगतिपुस्तके भरण्याचे काम प्रत्येक वर्गशिक्षकाच्या वाट्याला येते. शाळेचे नाव, विषयांचे रकाने, सह्यांच्या जागा हे सारे आधीच छापलेले असते. आपण फक्त नाव आणि गुण भरतो. छापलेला भाग म्हणजे साचा आणि भरायची ती माहिती. वेबवरची पुष्कळशी पाने आज अशीच तयार होतात. पण ही विभागणी तेथे रुजायला बराच काळ जावा लागला.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली. वेबपानांच्या एचटीएमएल या भाषेत मजकूर आणि त्याविषयीच्या खुणा शेजारीशेजारीच लिहितात. '<' आणि '>' यांच्यामध्ये येते ती खूण, बाकीचा मजकूर. पुढे १९९३ मध्ये अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेत सीजीआय ही पद्धत निघाली आणि मागणी येताच आज्ञावलीकडून पान बनवून घेणे सोपे झाले. मात्र त्या आज्ञावलीत आकडेमोड आणि पानाची मांडणी यांची खिचडी होई. मथळा बदलायचा असला तरी आज्ञावलीला हात लावावा लागे.

कॅन्सस राज्यातील 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्रात २००३ मध्ये एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे प्रोग्रामर काम करीत होते. वृत्तपत्राचे काम म्हणजे घड्याळाशी शर्यत. तेथे तयार झालेली प्रणाली जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. गिटारवादक जँगो राइनहार्ट यांच्यावरून तिचे नाव 'जँगो' ठेवले गेले. तिच्यात साचा वेगळ्या फाइलीत असतो आणि रिकामी जागा दुहेरी महिरपी कंसांनी दाखवतात.

येथपर्यंत सारे प्रगतिपुस्तकासारखेच. फरक पुढे आहे. कागदावरच्या रकान्यात काहीही लिहिले तरी ती शाईच राहते. वेबपानात मात्र भरलेली माहितीही खूण ठरू शकते. समजा, एका विद्यार्थ्याने उत्तर म्हणून इंग्रजी अक्षरांत, चिन्हांच्या शेजारी जागा न सोडता, 'ए<बी अँड सी>डी' असे लिहिले. ते जसेच्या तसे पानात भरले, तर ब्राउझरला 'बी' ही ठळक अक्षरांची खूण वाटते. पडद्यावर 'ए' आणि ठळक 'डी' एवढेच उरते!

येथे फक्त गणित बिघडले. पण कोणी मुद्दाम खुणेच्या रूपाने आज्ञावलीच लिहिली, तर ती पान पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालते. अमेरिकेतील सर्ट या केंद्राने याविषयी फेब्रुवारी २००० मध्ये इशारा दिला होता. ऑक्टोबर २००५ मध्ये सॅमी कामकार या तरुणाने मायस्पेसवरील आपल्या पानात अशी आज्ञावली लपवली. ते पान पाहणाऱ्याच्या पानात ती उतरे, आणि तेथून पुढच्याच्या. एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक पानांवर ती पसरली.

उपाय साधा आहे. '<', '>', '&' आणि दोन प्रकारची अवतरणचिन्हे यांच्या जागी त्यांची सांकेतिक रूपे भरायची. मग ब्राउझर ती चिन्हे दाखवतो, पाळत नाही. जँगोमध्ये ही सोय पहिल्यापासून होती. पण प्रत्येक रिकाम्या जागेपाशी ती आठवणीने लिहावी लागे. शंभर जागांपैकी एक विसरली की दार उघडेच.

सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत हा नियम उलटा झाला. आता रूपांतर आपोआप होते, आणि ते नको असेल तर 'ही माहिती सुरक्षित आहे' असे स्पष्ट लिहावे लागते. २०१० साली रेल्स या दुसऱ्या प्रणालीनेही हाच मार्ग धरला. जँगोत हे रूपांतर बंद करण्याची सोय आजही आहे. पण ती साध्या मजकुराच्या ईमेलसारख्या, एचटीएमएल नसलेल्या साच्यांसाठी.

चिन्हे बदलण्याची युक्ती जुनीच होती. नवे होते ते एवढेच, की माणूस विसरणार हे गृहीत धरले गेले. वरचे उदाहरण एचटीएमएल फाइलीत लिहून ब्राउझरमध्ये उघडा, आणि हरवलेली अक्षरे कोठे गेली हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.