बंदूक रात्री कुठे असते?

अमेरिकेतल्या बंदुकांविषयी मराठीत काही वाचायला मिळते ते बहुधा एखाद्या शाळेतल्या गोळीबारानंतर. बंदी हवी की नको यावर चार दिवस तावातावाने बोलले जाते आणि विषय मागे पडतो. बंदुकांच्या सुरक्षित साठवणुकीच्या अभ्यासक्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाने तो वाद थोडा वेळ बाजूला ठेवावा, अशी माझी विनंती आहे. घरात बंदूक आहे असे धरूनच इथला विचार सुरू होतो. ती कुठे ठेवली आहे, भरलेली आहे का, कोणाचा हात तिथवर पोचतो, आणि तिला कुलूप लावण्याची सवय कायद्याला लावता येईल का, हे इथले प्रश्न आहेत.

2021 साली अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसे मेली. त्यांतल्या 26,328 आत्महत्या होत्या. ह्यूस्टन परिसरात आत्महत्येच्या जीवघेण्या प्रयत्नातून वाचलेल्या 13 ते 34 वयाच्या व्यक्तींशी बोलून केलेला एक अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. ठरवणे आणि करणे यांत पाच मिनिटेही गेली नाहीत, असे त्यांतल्या जवळजवळ एक चतुर्थांश लोकांनी सांगितले. बंदुकीने केलेल्या प्रयत्नांत मात्र दहांतले सुमारे नऊ जण दगावतात. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले की कुलपामुळे मिळणाऱ्या थोड्याशा वेळाचे मोल कळते. माझ्या मते या क्षेत्राचा गाभा हाच आहे. लहान मुलांचे अपघात त्यात येतातच, पण हे क्षेत्र तेवढ्यावर संपत नाही.

केबल लॉक हे यातले सगळ्यात साधे साधन. वरून आवरण असलेली हातभर पोलादी तार आणि टोकाला छोटे कुलूप. मॅगझिन काढायचे, चेंबर रिकामे आहे हे डोळ्यांनी पाहायचे, तार उघड्या चेंबरमधून आत घालून मॅगझिनच्या पोकळीतून बाहेर ओढायची आणि कुलूप लावायचे. मग पिस्तूल मिटतही नाही आणि भरताही येत नाही. परवानाधारक विक्रेत्याने प्रत्येक पिस्तुलाबरोबर असे एखादे साधन द्यायलाच हवे, असा केंद्रीय कायदा 2005 साली झाला. घेणाऱ्याने ते वापरलेच पाहिजे, असे मात्र तो म्हणत नाही. ती जबाबदारी राज्यांवर राहिली.

राज्यांची सुरुवात त्याआधीची. मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू शकेल अशी ती ठेवणाऱ्या मालकाला जबाबदार धरणारा पहिला कायदा फ्लोरिडाने 1989 साली केला. असे कायदे झालेल्या 12 राज्यांत 15 वर्षांखालील मुलांचे अपघाती मृत्यू अपेक्षेपेक्षा 23 टक्क्यांनी कमी झाल्याचे 1997 साली दाखवण्यात आले. 2005 सालचा ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास मी प्रत्येक विद्यार्थ्याला आधी वाचायला सांगेन. बंदूक कुलुपात, बंदूक रिकामी, गोळ्या कुलुपात, गोळ्या वेगळ्या जागी, अशा चार सवयी त्यांनी सुट्या करून तपासल्या आणि प्रत्येकीचा संबंध कमी धोक्याशी आढळला. हा काही प्रयोग नव्हे. काळजीवाहू घरे इतर बाबतींतही वेगळी असू शकतात, ही शंका वाचकाने मनात ठेवावी.

कायद्याच्या विद्यार्थ्यांनी हेलर खटल्यापासून सुरुवात करावी. घरातली बंदूक सुटी करून किंवा ट्रिगर लॉक लावूनच ठेवावी, हा राजधानी वॉशिंग्टनचा नियम सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला, कारण त्यामुळे स्वसंरक्षण अशक्य होते. पण अपघात टाळण्यासाठी केलेल्या साठवणुकीच्या कायद्यांना आपल्या विवेचनाने बाध येत नाही, असेही न्यायमूर्ती स्कालिया यांनी त्याच निकालात लिहिले. पुढची सगळी खटलेबाजी या दोन टोकांमध्ये चालते.

शिक्षेचे टोक मिशिगनमध्ये दिसले. ऑक्सफर्ड येथील शाळेत 2021 साली 15 वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना मारले आणि बंदूक त्याच्या हाती लागू दिली म्हणून 2024 साली त्याच्या आईवडिलांनाही सदोष मनुष्यवधाबद्दल तुरुंगवास झाला. राज्याचा साठवणुकीचा कायदा त्याच वर्षी फेब्रुवारीत अंमलात आला.

मला स्वतःला प्रोत्साहनाची वाट अधिक आशेची वाटते. व्हर्जिनियाने 2023 साली तिजोरी किंवा कुलूपबंद पेटी घेणाऱ्याला 300 डॉलरपर्यंत करसवलत दिली. कोलोरॅडोत अडचणीच्या काळात बंदूक घराबाहेर ठेवून घेणाऱ्या दुकानांचा आणि पोलीस ठाण्यांचा नकाशाच उपलब्ध आहे. निवडणूक आली की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याची महाराष्ट्रातली पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. तिथे ती सक्तीने होते, इथे मालकाच्या मर्जीने, आणि तीही घरात कोणाचे मन ढासळले असताना.

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी आईवडिलांना या साहित्याचा थेट उपयोग आहे. मूल मित्राकडे रात्री राहायला जाणार असेल तर तिथल्या पालकांना विचारावे, "तुमच्याकडे कुलूप न लावलेली बंदूक आहे का?" बालरोगतज्ज्ञही हेच सुचवतात. हा प्रश्न उद्धट वाटेल या भीतीने आपली माणसे गप्प बसतात. तो ॲलर्जीच्या आणि पोहण्याच्या तलावाच्या चौकशीबरोबरच विचारला तर कोणाला राग येत नाही. आपल्या घरात बंदूक असेल तर मुलाला जागा ठाऊक नाही, यावर विसंबू नये. मुलांना वेगळे आणि पालकांना वेगळे विचारले असता अनेकदा दोघांची उत्तरे जुळलेली नाहीत.