नादार माणसाला वकिलीची सनद मिळते का?

संग्रामपूरसारख्या तालुक्याच्या गावी कर्जाने खचलेल्या घरातील मुलगा कायद्याची पदवी घेतो, तेव्हा ही शंका स्वाभाविक असते. कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ मधील कलम २४-अ सनद नाकारण्याची कारणे मोजून देते: नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा, अस्पृश्यताविषयक गुन्ह्यात शिक्षा आणि नैतिक अधःपतनाच्या आरोपावरून सरकारी सेवेतून बडतर्फी. नादारी त्यांत नाही.

याउलट, संग्रामपूरच्या कर्जदाराला आजही लागू असलेला १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम नादार व्यक्तीस दंडाधिकारी होऊ देत नाही, नगरपालिकेवर निवडून येऊ देत नाही. नादारी गैरवर्तनाविना, केवळ दुर्दैवाने ओढवली असा दाखला न्यायालयाने दिला, तरच ऋणमुक्तीनंतर ही अपात्रता टळते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०२ नुसार ऋणमुक्त न झालेला नादार संसदेतही बसू शकत नाही. म्हणजे कायदा करण्यास तो अपात्र, कायद्यावर युक्तिवाद करण्यास मात्र पात्र!

अडथळा येतो तो रोख पैशाचा. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनाही तो चुकला नाही. १९१६ मध्ये त्यांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. पण बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. संस्थानची नोकरी करण्याचा करार होता, परंतु बडोद्यात जातीमुळे राहायला जागादेखील मिळेना. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांचे साहाय्य आणि पारशी मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले.

मुंबईत परतल्यावर मात्र सनद काढण्यापुरतेही पैसे हाती नव्हते. भथेनांनीच पुन्हा ५०० रुपये दिले आणि १९२३ च्या जुलैत वकिली सुरू झाली. सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरकडे खटले देण्यास कचरत, त्यामुळे प्राप्ती तुटपुंजीच होती. १९२५ पासून ते बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवू लागले. ऋणको-धनकोंचा हा विषय त्यांनी पुस्तकाबाहेरही अनुभवला होता.

सनदेचे शुल्क हा प्रश्न तेथेच संपला नाही. राज्यांच्या बार कौन्सिलांनी निरनिराळ्या नावांखाली ते हजारांत नेले होते. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही वसुली अवैध ठरवून कायद्यातील ७५० रुपयांची मर्यादाच बंधनकारक केली. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ती १२५ रुपये आहे.