तारेचा ताप

नकाशात गोराई बोरिवलीला खेटून दिसते. होडीने खाडी ओलांडली की काही मिनिटांत पलीकडचे गाव येते. पण मोटार न्यायची तर भाईंदर-उत्तनमार्गे मोठा वळसा पडतो. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी असलेल्या या पट्ट्यात खारी हवा कशालाच सोडत नाही. खिडकीचे गज गंजतात, तांब्याच्या तारांच्या टोकांवर हिरवट थर चढतो. अलीकडच्या डिझेल गाड्यांत इंधनाचे तापमान मोजणारा एक लहान संवेदक, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘सेन्सर’, असतो. त्याचे वाचन चुकले की पहिला संशय सेन्सरवर जातो आणि तो बदलला जातो. पण दोष सेन्सरचा की त्याच्यापर्यंत जाणाऱ्या वायरचा? हा प्रश्न मुंबईत मोटार येण्यापूर्वीचा आहे.

१८७० च्या फेब्रुवारीत ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अवाढव्य जहाज मुंबईहून एडनकडे सागरी तार टाकत निघाले. १८६६ साली अटलांटिकची तार याच जहाजाने टाकली होती. भारताच्या सफरीसाठी मात्र त्याला पांढरा रंग दिलेला होता. तो शोभेसाठी नव्हता. तारेभोवती विद्युत्‌रोधक म्हणून गटापर्चा या झाडाच्या चिकाचे वेष्टन असे. ते उष्णतेने मऊ होते. शिवाय ते तापले की त्याचा रोधही झपाट्याने घटतो. त्यामुळे तार तपासताना रोध कमी आला, तर वेष्टन फाटले आहे की तार नुसतीच तापली आहे, हे तापमान ठाऊक असल्याशिवाय सांगता येत नसे.

या अडचणीला दहा वर्षांपूर्वी, १८६० मध्ये, विल्यम सीमेन्स यांनी तोंड दिले होते. रंगून-सिंगापूर मार्गासाठी तयार केलेली तार जहाजावर वेटोळे करून ठेवलेली होती. (पुढे ती माल्टा-अलेक्झांड्रिया मार्गावर टाकली गेली.) वेटोळ्याच्या पोटात ती आपोआप तापत असावी, अशी त्यांना शंका आली. तिथे पाऱ्याचा तापमापक घालून वाचणार कसा? सीमेन्स यांनी थरांमध्ये तारेची गुंडाळी ठेवली आणि बाहेरून तिचा रोध मोजला. धातू तापला की त्याचा रोध वाढतो. तांब्यात ही वाढ अंशागणिक सुमारे ०.४ टक्के असते. आतले थर खरोखरच तापलेले निघाले, आणि तार वाचवण्यासाठी तिच्यावर पाणी ओतावे लागले. तापमान दुरून, विजेच्या साहाय्याने वाचण्याची रीत अशी बिघाडाच्या धास्तीतून रुजली. १८७१ मध्ये रॉयल सोसायटीपुढील व्याख्यानात सीमेन्स यांनी प्लॅटिनमचा रोध-तापमापक मांडला. तो वापरात टिकेना. त्याला भरवशाचे रूप १८८७ च्या सुमारास कॅलेंडर यांनी दिले.

आता आपल्या सेन्सरकडे. त्यात धातूची तार नसते. उलट वागणारा पदार्थ असतो. १८३३ मध्ये फॅरडे यांना आढळले, की सिल्व्हर सल्फाइड तापवले तर ते वीज अधिक सहज वाहून नेते. त्याच वर्षी क्रिस्टी यांनी रोध मोजण्याची ती जुळणी सुचवली, जी १८४३ नंतर व्हीट्‌स्टन यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. वास्तविक व्हीट्‌स्टन यांनी श्रेय क्रिस्टींनाच दिले होते. पाठ्यपुस्तकांनी ते विसरायला लावले. जुळणी लगेच उपयोगी पडली. फॅरडे यांचे निरीक्षण मात्र जवळजवळ शंभर वर्षे कुतूहलापुरतेच राहिले. १९३० मध्ये सॅम्युएल रूबेन यांनी या गुणावर आधारलेला, बाजारात चालेल असा थर्मिस्टर बनवला.

डिझेल तापले की विरळ होते. अंशागणिक घनता सुमारे ०.०८ टक्के घटते. पंप मोजतो आकारमान आणि जळते वस्तुमान, म्हणून संगणकाला तापमान कळावे लागते. फार तापलेले डिझेल पातळ होऊन पंपाला पुरेसे वंगणही देत नाही. नेहमी आढळणाऱ्या एका प्रकारच्या थर्मिस्टरचा रोध २० अंश सेल्सिअसला सुमारे २५०० ओहम, ४० ला १२००, ६० ला ६०० आणि ८० ला ३२० च्या आसपास असतो. समजा, डिझेल ६० अंशांवर आहे आणि हिरवट थरामुळे वायरच्या वाटेत आणखी ६०० ओहम आले. एकूण १२०० झाले. संगणक ४० अंश समजतो. दिवा लागेलच असे नाही, कारण ४० हे वाचन अशक्य नाही. पंपाच्या रक्षणाची वेळ आली तरी ती यंत्रणेला उशिरा कळते. वायर पूर्ण तुटली तर बरे म्हणायचे. तेव्हा डिझेल गोठणबिंदूच्याही खूप खाली असल्याचे वाचन येते आणि चूक लपत नाही.

तपासणी सोपी आहे. चावी बंद करून जोडणी काढावी आणि सेन्सरच्या दोन टोकांमधला रोध मल्टिमीटरने मोजावा. मुंबईच्या ३० अंशांत वरील प्रकारचा सेन्सर १७०० ओहमच्या आसपास दाखवील. मग चावी चालू करून वायरच्या बाजूला साधारण ५ व्होल्ट येतात का, ते पाहावे. शेवटी, सेन्सर दोनच तारांचा असल्याची खात्री करून, वायरची ती दोन टोके एकमेकांना जोडावीत. वायर चांगली असेल तर संगणकावरचे वाचन अतिथंडवरून थेट अतिउष्णावर उडी मारते. वायरमध्ये ६०० ओहम दडलेले असतील तर ते ६० अंशांवरच अडखळते. गंज जोडणीच्या पिनांवरच असेल, तर या उडीत तो सुटून जातो. म्हणून पिना डोळ्यांनीही पाहाव्यात. वायरला सुई टोचून मोजण्याची सवय मात्र खाडीकाठी घातक, कारण त्याच छिद्रातून खारी हवा आत शिरते.

वर्गात हे दाखवायला मोटार लागत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एक थर्मिस्टर आणावा, टोकांना वायर जोडून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा आणि गरम पाण्यात तापमापकाशेजारी बुडवावा. पाणी निवत असताना दर पाच अंशांना रोध लिहून आलेख काढू द्यावा. मग मुलांना न सांगता वाटेत ६०० ओहमच्या जवळपासचा रोधक जोडावा आणि पाण्याचे तापमान आलेखावरून विचारावे.