मुंजेचं गवत

फिरोजपूर छावणीतल्या आमच्या फॅमिली क्वार्टर्सच्या मागे एक नाला होता आणि नाल्याच्या कडेने सरकंड्याची भिंतच उभी होती. दोन पुरुष उंच. पावसाळा सरला की त्यावर तुरे यायचे, आधी जांभळट, मग रुपेरी. संध्याकाळी उन्हं तिरपी झाली की ते तुरे आतून पेटल्यासारखे दिसायचे. सौ.ला हे गवत फार आवडायचं. मला नाही. सीमेवर काम केलेल्या माणसाला उंच गवत दिसलं की आधी प्रश्न पडतो, आत कोण आहे? बॉर्डरवर आम्ही सरकंडा कापतच असायचो, नजर आणि गोळी दोन्ही मोकळी राहावी म्हणून.

त्या वर्षी फेब्रुवारीत एक इन्स्पेक्शन ठरलं. हुकूम आला : क्वार्टर्समागचं जंगल साफ करा, तिथे शोभेचं काहीतरी लावा. मी तेव्हा नायब सुभेदार होतो, फटीग पार्टी माझ्याकडे. चार दिवस लागले. ज्यांनी हे काम केलंय त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो : या गवताच्या पात्याची कड करवतीसारखी असते. हातमोजे असूनही पोरांची मनगटं चिरली. बुंधे तर कुदळीलाही दाद देत नव्हते. मग एका नर्सरीतून चाळीस कुंड्या आल्या. पाटीवर लिहिलेलं, 'पंपास ग्रास, इम्पोर्टेड'.

आमचा म्हातारा माळी हे सगळं बघत उभा होता. त्याला आम्ही बाबाजी म्हणायचो. काही बोलला नाही. संध्याकाळी क्वार्टरवर येऊन एवढंच म्हणाला, "साबजी, या हिवाळ्यात वाण कशाचं वळू?" तेव्हा कळलं. लाइनमधल्या निम्म्या चारपायांची दोरी हा म्हातारा वळत होता, त्याच नाल्यावरच्या गवतापासून. त्यातून त्याचे चार पैसे सुटत होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी त्याने कापलेल्या ढिगातून एक काना उचलला आणि मला दाखवलं. काना म्हणजे तुरा येणारी काठी. तिच्यावर पात्याचं आवरण घट्ट गुंडाळलेलं असतं. ते हलक्या हाताने सोडवायचं, घाई केली तर फाटतं. आतली गुळगुळीत काडी ओढून निघते, ती सुपाला, चिकाला आणि मुढ्याला जाते. मागे राहतं ते आवरण कुटून, भिजवून दोरी वळतात. त्या आवरणाला तो म्हणाला, "मुंज."

मी चमकलो. मुंज? आमच्याकडे मुंज म्हणजे बटूचं डोकं, भिक्षावळ आणि जेवणावळ. पण शब्दाचं मूळ हेच गवत. बटूच्या कमरेला बांधायची मेखला मुंज गवताची, म्हणून मौंजीबंधन आणि म्हणून मुंज. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वाटणीच करून दिली आहे : ब्राह्मणाची मेखला मुंजेची, क्षत्रियाची मूर्वेच्या धनुष्याच्या दोरीची, वैश्याची तागाची. गवत पंजाबात राहिलं, शब्द आपल्या घरात येऊन बसला. आपण पत्रिका छापतो, पण ते गवत पाहिलेलं नसतं.

त्यानंतर मी वाचायला लागलो आणि हे गवत भेटतच राहिलं. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं शेवटचं सूक्त विषावरचं आहे. त्यात शर, दर्भ, मुंज अशी गवतांची यादी येते आणि म्हटलंय की न दिसणारे विषारी जीव यांत दडून असतात. म्हणजे आमचा बॉर्डरवरचा प्रश्न फार जुना आहे! कठोपनिषदाच्या अखेरीस उपमा आहे की मुंजेतून आतली काडी काढावी तसा धीराने आत्मा शरीरापासून वेगळा करावा. ही उपमा ज्याला सुचली त्याने कुणालातरी दोरीसाठी मुंज सोलताना जवळून पाहिलं असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बाबाजीचा हात मी पाहिला आहे.

आणि सरकंडा म्हणजे शरकांड. शर म्हणजे ते गवत आणि शर म्हणजे बाणही, कारण याच वर्गातल्या सरळ, हलक्या काड्यांचे बाण होत. देवांचा सेनापती कार्तिकेय जन्मला तोही शराच्या वनात, म्हणून त्याला शरवणभव म्हणतात. मद्रासी पलटणीत सरवणन नावाचे इतके जवान भेटले, त्यांच्या नावातही हेच गवत आहे हे मला निवृत्तीच्या तोंडावर कळलं.

सरकंड्याचा सख्खा भाऊ म्हणजे ऊस. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरण भागात असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन रणगाडे आले, तेव्हा आपले रणगाडे आणि जीपवरच्या तोफा उंच उसात दडवलेल्या होत्या. जमिनीत पाणी सोडलेलं, पॅटन चिखलात अडकले. ४ ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद याच पिकाच्या आडून आपल्या जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने रणगाडे टिपत राहिले. तिथेच ते शहीद झाले, परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं. फिरोजपूरहून हरिकेमार्गे मी तिथे गेलो, समाधीला सॅल्यूट केला.

उत्तरेत ऊस असा जोमाने वाढू लागला तो एका रानगवतामुळे, हे पुढे कोइंबतूरजवळ पोस्टिंग असताना समजलं. तिथे १९१२ साली ऊस पैदास संस्था सुरू झाली. बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड, गोड पण नाजूक उसाचा संकर नदीकाठच्या रानटी काशाशी केला. १९१८ साली को २०५ ही जात पंजाबसाठी बाहेर पडली. आजच्या जवळजवळ सगळ्या उसांत काशाचं रक्त आहे. शोभेच्या तुऱ्यांनी बंगाल्यांना दुर्गापूजेची आठवण करून देणारा हाच काश.

आता त्या चाळीस कुंड्यांचं. पंपास मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. १८४० च्या सुमारास जेम्स ट्वीडी या स्कॉटिश माळ्याने पाठवलेलं बी डब्लिनच्या ग्लासनेविन बागेत रुजलं आणि युरोपभर श्रीमंतांच्या हिरवळीवर त्याचं वेड पसरलं. पुढे कॅलिफोर्निया आणि न्यूझीलंडमध्ये ते रानोमाळ पसरून डोकेदुखी झालं. थंड भागात मात्र पंपास कडाक्याच्या हिवाळ्यात टिकत नाही, म्हणून अमेरिकेतले बागवाले त्याऐवजी दुसरं उंच गवत लावतात, रावेना ग्रास. ते भूमध्य समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंत वाढतं. आपल्या सरकंड्याच्याच गोतावळ्यातलं.

दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात आमच्या 'इम्पोर्टेड' गवताला तुरे आले. बाबाजी मला हाताला धरून घेऊन गेला. एक काना मोडला, आवरण सोलून माझ्या हातात दिलं आणि पोटभर हसला. चाळीसच्या चाळीस सरकंडा! पैसे मोजून आम्ही उपटलेलंच परत लावलं होतं. त्या हिवाळ्यात दोरी वळली गेली, एवढं बरं झालं. वरती मी रिपोर्ट केला नाही.

बदली झाली तेव्हा मुळासकट एक ठोंब पोत्यात बांधून आणला. आता माण तालुक्यातल्या घराच्या कुंपणाशी तीन ठोंब आहेत. कुणाला लावायचं असेल तर सांगतो : भरपूर ऊन हवं, मुरमाड जमीन चालते, पाणी साचलेलं नको. दोन ठोंबांत दीड मीटर तरी सोडा, आणि अंगणात पोरं खेळतात तिथून लांब ठेवा, पाती कापतात. फेब्रुवारीत, नवे कोंब यायच्या आधी, गुडघ्याएवढं कापून टाका. ठोंब फोडायचा तोही तेव्हाच. काश मात्र लावू नका, दिसायला देखणा असला तरी जमिनीखालून चालत जातो आणि शेजाऱ्याच्या शेतात निघतो. सरकंडा आपल्या जागी गड्डा करून राहतो.

सौ. ओट्यावर बसून तुरे बघते. मी अजूनही आधी बुंध्याकडे बघतो, सवय जात नाही.

गेल्या वैशाखात गावचे भटजी आले होते. नातवाची मुंज होती. चाळीस वर्षं मुंजी लावल्या, मेखला नेहमी बाजारातल्या दोऱ्याची, म्हणाले; मुंज कधी पाहिली नाही. मी जपून ठेवलेल्या कान्यांतला एक घेतला, बाबाजीने दाखवलं तसं आवरण हळू सोडवलं. दोरी काही मला त्याच्यासारखी वळता आली नाही. भटजींनी ती तशीच, गाठीगाठीची, पंच्यात गुंडाळून नेली.