माग, माणसे आणि बदल

संस्था बदलत नाहीत, ही तक्रार ज्याच्या त्याच्या तोंडी असते. कचेरी असो, शाळा असो वा कारखाना असो. नवी पद्धत आली की जुनी माणसे आडवी येतात, आणि त्याचे खापर मनुष्यस्वभावावर फोडून आपण मोकळे होतो. हा निवाडा घाईचा आहे. गेल्या शतकातील गिरण्यांचा इतिहास पाहिला, तर विरोधाच्या मुळाशी बहुधा काही कारण असते, आणि ते समजून घेणाऱ्यालाच बदल साधतो, असे दिसून येते.

१९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सुमारे सहा महिने संप केला. वेतनाच्या दरांचा वाद होताच. शिवाय दोन माग चालविणाऱ्या विणकराने तीन चालवावे, अशी मालकांची योजना होती. मालकांच्या दृष्टीने ती सुधारणा होती. साचेखात्यातील माणसाला मात्र तिच्यात निराळाच प्रश्न दिसे: तिसरा माग माझ्या हाती आला, तर माझ्या शेजाऱ्याने काय करावे? या प्रश्नात अडाणीपणा नव्हता, हिशेब होता.

या हिशेबाला शास्त्राची बैठक देण्याचे श्रेय बऱ्याच अंशी कुर्ट लेविन यांना जाते. १९३३ साली जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेले हे मानसशास्त्रज्ञ १९४७ साली वारले. संस्थेची चालू स्थिती म्हणजे परस्परविरोधी प्रेरणांचा समतोल होय, असे ते मानीत. पुढून नुसता रेटा वाढविला, तर ताण वाढतो. मागे ओढणारी कारणे कमी केली, तर पाऊल सहज पुढे पडते. प्रथम जुनी घडी सैल करावी, मग बदल करावा आणि शेवटी नवी घडी पक्की बसवावी, हा त्यांचा क्रम प्रसिद्ध आहे.

त्यांच्या विचारांच्या प्रभावाखाली व्हर्जिनियातील हारवुड या कपड्यांच्या कारखान्यात एक प्रयोग झाला. कोच आणि फ्रेंच यांनी १९४८ साली तो प्रसिद्ध केला. एका गटाला कामातील बदल केवळ समजावून सांगण्यात आला. त्याचे उत्पादन घसरले आणि पहिल्या चाळीस दिवसांत शेकडा १७ जण काम सोडून गेले. दुसऱ्या गटांना नव्या कामाची आखणी करण्यातच सहभागी करून घेतले होते. त्यांनी लवकरच पूर्वीचे उत्पादन ओलांडले. पुढे पहिल्या गटातील उरलेल्यांनाही अशीच वागणूक मिळाली, तेव्हा तेही मागे राहिले नाहीत. माणसे तीच होती. बदलली होती ती रीत.

आपल्या देशातील उदाहरण अहमदाबादचे आहे. कॅलिको गिरणीत १९५२ साली स्वयंचलित माग बसविले गेले. पण अपेक्षित फळ मिळेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ साली तेथे आले. २२४ मागांवर २९ माणसे बारा निरनिराळी कामे करीत होती. मात्र कोणाचा कोणाशी मेळ नव्हता. तुटलेला धागा सांधणारा एक, कांडी भरणारा दुसरा, आणि माग बंद पडला तर उत्तर देणारा कोणीच नाही. ठराविक मागांची जबाबदारी एका लहान गटाकडे असावी, ही सूचना पुढे आली, तेव्हा कामगारांनी ती आपलीशी केली आणि गटांची जुळणी स्वतःच केली. पुढे उत्पादन वाढले, कापडातील दोष घटले.

येथे कथा संपली असती, तर ती फार सोपी झाली असती. १९७० साली एरिक मिलर यांनी तेथील मागखात्यांची पुन्हा पाहणी केली. कोठे गटपद्धती टिकून होती, तर कोठे ती विरून गेली होती. नवी घडीही सांभाळावी लागते. ती एकदा बसविली म्हणजे कायमची बसली, असे होत नाही. पुढे ती गिरणीही बंद पडली. कामाची रीत कितीही चांगली असली, तरी बाजार आणि भांडवल यांचे सर्व प्रश्न तिने सुटत नाहीत.

तरीही एक बोध उरतो. विरोध करणारा माणूस पुष्कळदा असे काही पाहत असतो, जे योजना आखणाऱ्याच्या मेजावरून दिसत नाही. त्याला गप्प बसविणे सोपे असते; पण मग मागाजवळ उभ्या असलेल्या माणसाला जे ठाऊक असते, तेही त्याच्याबरोबर गप्प होते.