कुर्ल्याची कचेरी मुलुंडला

ट्रॉम्बे महसुली हिशेबाने मुंबई उपनगर जिल्ह्याच्या कुर्ला तालुक्यात येते. पण कुर्ल्याचे तहसील कार्यालय कुर्ल्यात नाही, ते मुलुंड पश्चिमेला आहे. १ ऑक्टोबर १९९० रोजी उपनगर जिल्हा वेगळा झाला, त्याचे जिल्हाधिकारी वांद्रे पूर्वेला बसतात. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आणि म्हाडा ही कार्यालयेही वांद्रे पूर्वेलाच, पण निरनिराळ्या इमारतींत. महापालिकेचे काम एम पूर्व विभागात. म्हणजे ट्रॉम्ब्याच्या एकाच घराला दाखल्यासाठी एक दिशा, नळासाठी दुसरी आणि झोपडीच्या पात्रतेसाठी तिसरी. इमारत सापडली तरी काम सापडत नाही. मजला कोणता, खिडकी कोणती, टेबल कोणते, हा खरा शोध आत शिरल्यावर सुरू होतो. गेल्या दीडशे वर्षांत या शोधावर राज्यकर्त्यांनी जे उपाय केले ते पाट्यांवर, पदनामांवर आणि कागदांवर केले. दारात आलेल्या माणसाला वाट दाखवणे हे कुणाचे तरी नेमून दिलेले काम आहे, असे मात्र कधी मानले गेले नाही. दलाल निर्माण झाला तो लोकांच्या अडाणीपणातून नव्हे, या रिकाम्या जागेतून.

ही जागा पूर्वी कोण भरत असे, ते मुंबई इलाख्याच्या एका शब्दात सापडते. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात ‘पट्टेवाला’ हा खास मुंबईचा शब्द म्हणून नोंदलेला आहे. कमरेला किंवा खांद्यावरून पट्टा, त्यावर पितळी बिल्ला आणि काम साहेबाचे निरोप पोचवण्याचे. बंगालमध्ये त्यालाच चपराशी म्हणत. पट्टेवाला नेमला होता साहेबासाठी. पण चिठ्ठ्या घेऊन दिवसभर खोल्याखोल्यांतून फिरणारा तोच एकटा असल्यामुळे कचेरीचा नकाशा त्याच्याच डोक्यात होता. कारकुनाला आपले टेबल ठाऊक, साहेबाला आपली खोली; कुठला कागद कुठून कुठे जातो हे पट्टेवाल्याला ठाऊक. बाहेरून आलेला शेतकरी वा कोळी साहजिकच त्याला विचारी, आणि सांगायचे की नाही हे त्याच्या मर्जीवर राही. चहापाण्याची प्रथा इथेच रुजली. तिला नुसता लोभ म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. जे ज्ञान देणे कुणाचेच कर्तव्य नसते, ते ज्याच्याजवळ असते त्याची मालमत्ता होते.

राज्य मराठी झाल्यावर पहिला मोठा प्रयत्न पाट्यांचा झाला. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ साली पदनाम कोश निघाला, पुढे १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. पदनाम कोशाला ‘बदनाम कोश’ म्हणून हिणवले गेले, पण त्याचे काम मोलाचे होते. दारावर काय लिहायचे हे प्रथमच राज्यभर एकसारखे ठरले, आणि जो कारभार लोकांच्या पैशावर चालतो त्याच्या दारावर लोकांची भाषा आली. तरीही पाटीवर अधिकाऱ्याचे पद असते, येणाऱ्याचे काम नसते. ‘उपजिल्हाधिकारी (अतिक्रमण व निष्कासन)’ ही पाटी शुद्ध मराठी आहे. झोपडीचा पुरावा घेऊन आलेल्या बाईला मात्र ती हे सांगत नाही की तुझे काम याच दारात आहे. घराबाहेर काढणारा आणि घराची पात्रता तपासणारा अधिकारी एकच असू शकतो, हे तिच्या ध्यानात कसे यावे? मंत्रालयातले ‘कार्यासन’ही तसेच. आतल्यांना तो नेमका पत्ता वाटतो, बाहेरच्याला तो फक्त एक आकडा. सचिवालयाचे नाव शंकरराव चव्हाणांच्या काळात मंत्रालय झाले, तेव्हाही नवी पाटी लागली ती इमारतीला.

चुकलेल्या दाराची किंमत केवढी असते, हे ट्रॉम्ब्याइतके क्वचितच कुठे उघड दिसते. ४ जानेवारी १९७६ रोजी मुंबईतल्या झोपड्यांची एका दिवसात गणना झाली आणि तिच्या आधाराने झोपडीधारकांना फोटोपास, म्हणजे छायाचित्र असलेली ओळखपत्रे, देण्यात आली. त्याच वर्षी मे महिन्यात मानखुर्दजवळची जनता कॉलनी अणुऊर्जा विभागाच्या वसाहतीसाठी हटवली गेली आणि हजारो माणसे ट्रॉम्ब्याच्या चीता कॅम्पात आणून टाकली गेली. पुढे झोपड्यांना संरक्षण देण्याची कालमर्यादा १ जानेवारी १९९५ आणि नंतर १ जानेवारी २००० अशी सरकत गेली. प्रत्येक वेळी घर टिकणे न टिकणे एका कागदावर अवलंबून राहिले, आणि तो कागद कुठल्या ना कुठल्या टेबलावर होता. ते टेबल ठाऊक असणे हीच तिथे खरी मिळकत. जनता कॉलनीचा लढा उभारणारे जोकिन अर्पुतम पुढे नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशनचे नेते झाले, २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या संघटनेसोबत काम करणाऱ्या ‘महिला मिलन’च्या भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी सुरुवात कशापासून केली, तर रेशन कार्ड मिळवण्यापासून. त्या गटाने शिधावाटप कार्यालयात जात, कसे विचारायचे ते शिकत आणि एकीने शिकलेले दुसरीला शिकवत. मला हा मुंबईच्या कारभाराच्या इतिहासातला थोर प्रसंग वाटतो. जे काम सरकारने दारात माणूस बसवून करायला हवे होते, ते छप्पर नसलेल्या बायकांनी स्वतः उभे केले.

कायद्याने या प्रश्नाला हातच घातला नाही असे नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात कलम ६(३) आहे: अर्ज चुकीच्या कार्यालयात आला तर त्या कार्यालयाने तो पाच दिवसांच्या आत योग्य ठिकाणी पाठवायचा. लिहिता न येणाऱ्याचा तोंडी अर्ज लिहून घ्यायला मदत करणेही माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने सेवा, मुदत आणि जबाबदार अधिकारी सूचना फलकावर लावायला सांगितले. यातले पहिले कलम मला सर्वांत दूरदृष्टीचे वाटते, कारण दार चुकल्याचा भार त्याने नागरिकावरून काढून कचेरीवर टाकला. पण हे संरक्षण मिळाले ते माहितीच्या अर्जाला. पाय घेऊन चुकीच्या दारात आलेल्या माणसाला अजूनही ‘हे माझ्या टेबलावर नाही, पलीकडे विचारा’ एवढे सांगून वाटेला लावता येते.

यावर म्हटले जाईल की आता ‘आपले सरकार’ पोर्टल आहे, कचेरीत जायची गरजच काय? सरळ दाखल्यापुरते ते खरे आहे. पण माणूस कचेरीत जातो तो बहुधा प्रकरण अडल्यावर: नावात चूक, पुरावा जुना, नोंद सापडत नाही. अशा वेळी पोर्टल फार तर ‘प्रलंबित’ म्हणते. फाइल कुणापाशी अडली आणि का, हे माणसालाच विचारावे लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दलालही सेवाच देतो, थोडे पैसे घेऊन वेळ वाचवतो, मग त्याच्यावर राग कशाला? दलाल खरोखर वाट दाखवतो, हे मान्य. पण ती लोकांना कळली तर त्याचा धंदा बसतो, म्हणून वाट अंधारी राहण्यातच त्याचे हित असते. पट्टेवाल्याच्या चहापाण्यापेक्षा हे अधिक घातक, कारण पट्टेवाला निदान कचेरीला उत्तरदायी होता. खर्चाची सबबही टिकत नाही. आवक-जावक टेबलाला माणूस मिळतो, कारण कागद हरवू नये असे कचेरीला वाटते. माणूस हरवू नये असे वाटले, तर दारातल्या टेबलालाही मिळेल.

त्याची सुरुवात मुलुंडच्या त्या कुर्ला तहसील कार्यालयातून व्हावी. प्रवेशाशीच एक कर्मचारी बसवावा, आत काम केलेला, सगळी टेबले माहीत असलेला. समोरच्याचे काम ऐकून त्याने एका चिठ्ठीवर मजला, टेबल आणि लागणारे कागद लिहून द्यावेत आणि खाली आपली सही करावी. चिठ्ठी चुकली तर पुढचा हेलपाटा ट्रॉम्ब्याहून आलेल्या माणसाने नव्हे, त्या कचेरीने घालावा.